घरी स्पेशालिटी कॉफी सुरू करायची आहे? पहिल्या पाकिटापासून पहिल्या चांगल्या कपापर्यंत

मराठी घरांत कॉफी बहुधा दुधातच उकळते. इन्स्टंट पावडर, साखर, वरून किसलेलं जायफळ. ती कॉफी मलाही आवडते आणि ती सोडा असं सांगण्यासाठी हे लिहीत नाही. पण आता कर्नाटकातल्या चिकमगळूर आणि कोडगू (कूर्ग), आंध्रातल्या अराकूच्या मळ्यांवरची ताजी भाजलेली कॉफी घरपोच मिळते, आणि ती मागवणारे बरेच जण पहिल्या-दुसऱ्या पाकिटातच हिरमुसतात. ‘एवढे पैसे घालून आंबट पाणीच प्यायचं का?’ हा प्रश्न मी इतक्या ओळखीच्यांकडून ऐकला आहे की सगळं एकदा क्रमानं लिहून ठेवावं असं वाटलं.

क्रम हाच यातला कळीचा मुद्दा आहे. लोक आधी देखणी भांडी घेतात, मग कॉफी, आणि ग्राइंडरचा विचार सगळ्यात शेवटी करतात. खरं तर उलटं हवं: आधी ताजे दाणे, मग चांगला ग्राइंडर, मग वजनकाटा, मग पाणी. भांडं या सगळ्यांनंतर, आणि तेही साधंच.

सुरुवातीला लागणारं सामान

- ताज्या भाजणीच्या दाण्यांचं २५० ग्रॅमचं एक पाकीट: साधारण ४५० ते ८०० रुपये
- हातानं फिरवायचा बर ग्राइंडर (दोन दातेरी चाकांमध्ये दाणे दळणारा): साधारण ३,००० ते ६,००० रुपये
- ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा: ५०० ते १,५०० रुपये
- फ्रेंच प्रेस (जाळीचा दट्ट्या असलेलं काचेचं भांडं), ३५० किंवा ६०० मिलिलिटरचा: ६०० ते १,५०० रुपये
- पाणी तापवायला घरातलं कुठलंही भांडं किंवा इलेक्ट्रिक केटल
- मोबाइलमधलं घड्याळ
- एक वही

किमती ब्रँडनुसार आणि सवलतींच्या दिवसांत बदलतात, पण खर्चाची विभागणी अशीच ठेवा. ग्राइंडर सगळ्यात महाग दिसतो आहे, तो तसाच असू द्या. कारण चौथ्या पायरीत येईल.

## १. आधी ठरवा: दुधाची की बिनदुधाची?

हा प्रश्न टाळून कुणीही पाकीट मागवू नये. हलक्या भाजणीची, फळांसारखा आंबटगोडपणा असलेली कॉफी दुधात पडली की तिचं वैशिष्ट्य बुजतं आणि उरतो तो नुसता फिकेपणा. उलट गडद भाजणीची कॉफी बिनदुधाची प्यायलात तर नवख्या जिभेला ती कडूच लागणार.

दूध घालणार असाल तर मध्यम ते गडद भाजणी घ्या. बिनदुधाची प्यायची असेल तर मध्यम किंवा मध्यम-हलकी. अगदी हलकी भाजणी पहिल्या दोन-तीन पाकिटांत घेऊ नका. ती बनवायला कठीण असते, आणि तिच्यातला आंबटपणा भाजणीचा की आपल्या हातचा, हे सुरुवातीला ओळखता येत नाही.

दूध घालणारच असलात, तरी नव्या पाकिटाचे पहिले दोन घोट बिनदुधाचे, बिनसाखरेचे घ्या. काय विकत घेतलंय ते त्यातूनच कळतं.

## २. पाकीट वाचायला शिका

प्रशिक्षित परीक्षकांनी १०० पैकी ८० किंवा त्याहून जास्त गुण दिलेली कॉफी ही स्पेशालिटी, असा या क्षेत्रातला संकेत आहे. पण पाकिटावर हा शब्द छापायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यामुळे शब्दावर जाऊ नका, पुढची माहिती पाकिटावर आहे का ते बघा.

भाजल्याची तारीख. ही सगळ्यात महत्त्वाची. ‘पॅक केल्याची तारीख’ आणि ‘बेस्ट बिफोर’ यांचा आपल्याला उपयोग नाही; दाणे पॅक होण्यापूर्वी किती महिने पडून होते ते त्यावरून कळत नाही. भाजल्यानंतर दाण्यांतून काही दिवस कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, म्हणून पाकिटाला एकतर्फी झडप असते. मध्यम भाजणीची कॉफी भाजल्यापासून साधारण आठवडाभरानं चांगली लागायला लागते आणि पाकीट नीट बंद ठेवलं तर पुढचा महिनाभर टिकते. कालच भाजलेली कॉफी हाती आली म्हणून लगेच उघडून पिऊ नका, तिला थोडे दिवस द्या.

मळा आणि प्रदेश. भारतातली कॉफी मुख्यतः कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूत होते, आणि त्यातही कर्नाटकाचा वाटा सर्वांत मोठा. येमेनहून सात बिया आणून बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात चिकमगळूरजवळच्या डोंगरांत लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगररांगेला त्यांचंच नाव आहे आणि आजही तिथली अरेबिका उत्तम मानली जाते. २०१९ मध्ये कूर्ग अरेबिका, चिकमगळूर अरेबिका, बाबाबुडनगिरी अरेबिका, वायनाड रोबस्टा आणि अराकू व्हॅली अरेबिका या पाच कॉफींना भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. चांगला रोस्टर (कॉफी भाजून विकणारा) याहून पुढे जाऊन मळ्याचं नाव देतो: बिळिगिरीरंगन डोंगरातला अट्टिकान, सकलेशपूरचा हार्ली, येरकाडचा रिव्हरडेल. पाकिटावर ‘रत्नगिरी एस्टेट’ दिसलं तर ती बाबाबुडनगिरीची कॉफी आहे, कोकणातली नव्हे. आपल्याकडे म्हणाल तर अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला ब्रिटिश काळापासून थोडी कॉफी होते.

जात. अरेबिका की रोबस्टा, एवढं तरी लिहिलेलं हवंच. भारतात रोबस्टाचं उत्पादन अरेबिकाच्या दुपटीहून जास्त आहे. रोबस्टात कॅफिन जवळजवळ दुप्पट, चव जड आणि कडसर. ‘१००% अरेबिका’ ही काही गुणवत्तेची हमी नव्हे. वाईट अरेबिका भरपूर मिळते आणि काळजीपूर्वक प्रक्रिया केलेली रोबस्टा दुधात फार छान लागते. पुढे ‘एस ७९५’, ‘सिलेक्शन ९’, ‘चंद्रगिरी’ अशी नावं दिसतील. ती भारतातच निवडलेली वाणं आहेत. चिकमगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरला १९२५ पासून कॉफी संशोधन केंद्र आहे. चंद्रगिरी हे वाण तिथूनच २००७ मध्ये मळेवाल्यांसाठी बाहेर आलं. पहिल्या पाकिटासाठी वाणाची काळजी करू नका.

प्रक्रिया. चवीतला फरक नवख्या माणसालाही जाणवतो तो इथेच.

वॉश्ड म्हणजे फळाचा गर काढून, बिया धुऊन वाळवलेली. चव स्वच्छ, नेमकी. नॅचरल म्हणजे अख्खं फळच उन्हात वाळवलेलं. तिला पिकलेल्या फळांचा, कधी किंचित आंबवल्यासारखा वास येतो. हनीमध्ये मध घातलेला नसतो. साल काढतात, चिकट गर बियांवर ठेवून वाळवतात, म्हणून ते नाव. चव या दोन्हींच्या मधली.

मॉन्सून्ड मलबार ही खास आपल्या किनाऱ्याची. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना कॉफी काही महिने समुद्राच्या दमट हवेत राहायची, दाणे फुगायचे, पिवळट पडायचे. जहाजं वेगवान झाली तशी ती चव गेली, आणि तिकडच्या गिऱ्हाइकांना तर तीच हवी होती. म्हणून आता जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत दाणे पसरून पावसाळी वारा त्यांना खाऊ घालतात. आंबटपणा जवळपास नाहीसा होतो. ज्यांना आंबट कॉफी अजिबात सहन होत नाही, त्यांनी इथून सुरुवात करावी.

टेस्टिंग नोट्स. ‘संत्रं, गूळ, डार्क चॉकलेट’ असं लिहिलेलं असतं. यातलं काही मिसळलेलं नसतं. चाखणाऱ्याला ज्याची आठवण झाली ते लिहिलेलं असतं. पहिल्या कपात तुम्हाला संत्रं सापडलं नाही तर बिघडलं काही नाही. ‘फ्लेवर्ड कॉफी’ मात्र वेगळी, तिच्यात वरून सुगंध घातलेला असतो. ही दोन पाकिटं शेजारी ठेवलेली असली की गफलत होते.

चिकोरी. फिल्टर कॉफीच्या पाकिटावर बारीक अक्षरात ‘कॉफी-चिकोरी मिश्रण’ असं लिहिलेलं असतं आणि टक्केवारी दिलेली असते. अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते. म्हणजे पाकिटात जवळपास निम्मी चिकोरी असू शकते. दाक्षिणात्य फिल्टर कॉफीत ती मुद्दाम घालतात आणि तिथे ती शोभते. पण फ्रेंच प्रेससाठी घेताना चिकोरी नसलेलीच घ्या.

## ३. कुठून घ्यायची आणि किती

ब्लू टोकाई, सबको, केसी रोस्टर्स, नागपूरची कॉरिडॉर सेव्हन, अराकू असे बरेच रोस्टर स्वतःच्या संकेतस्थळावरून घरपोच पाठवतात. मोठ्या ऑनलाइन बाजारातून घेण्यापेक्षा थेट रोस्टरकडून घ्या, कारण बाजाराच्या गोदामात पाकीट किती दिवस पडलेलं असतं ते कळायला मार्ग नसतो. रोस्टर आठवड्यातल्या ठरावीक दिवशीच भाजत असेल तर तो दिवस बघून ऑर्डर टाका.

मुंबईत राहत असाल तर माटुंग्यातली जुनी कॉफीची दुकानं जरूर बघा. तिथे ‘प्लांटेशन ए’ आणि ‘पीबेरी’ अशा जुन्या व्यापारी प्रतींच्या नावांनी कॉफी मिळते. प्लांटेशन म्हणजे वॉश्ड अरेबिका. पीबेरी म्हणजे फळात दोनऐवजी एकच गोल बी तयार झालेली. ही दुकानं स्पेशालिटीच्या आजच्या व्याख्येत बसोत न बसोत, समोर दळून मिळणाऱ्या कॉफीचा वास घ्यायला तिथे जायलाच हवं.

किलोचं पाकीट स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका. एकटा माणूस रोज एक कप प्यायला तर २५० ग्रॅम साधारण दोन-अडीच आठवडे पुरते. तेवढीच घ्या.

## ४. ग्राइंडरवर कंजुषी करू नका

कॉफी दळली की तिचा सुगंध फार झपाट्यानं उडतो. दाणे महिनाभर टिकतात, दळलेली कॉफी काही दिवसांतच निस्तेज होते. म्हणून दरवेळी लागेल तेवढीच दळायची.

मग घरातला मिक्सर का नको? मिक्सरचं पातं दाणे कापत नाही, फोडतं. त्यातून पीठही निघतं आणि जाड तुकडेही. पाणी ओतलं की पिठातला कडूपणा चटकन उतरतो आणि जाड तुकड्यांतून नुसता आंबटपणा येतो. एकाच कपात कडू आणि आंबट दोन्ही लागलं तर दाणे वाईट असं समजू नका, दोष बहुतेक दळणाचा असतो.

बर ग्राइंडरमध्ये दोन दातेरी चाकांमधून दाणे जातात आणि चाकांमधलं अंतर कमी-जास्त करता येतं, म्हणून दळण एकसारखं निघतं. घेताना बर स्टीलचे आहेत ना ते बघा. हजाराच्या आतले सिरॅमिक बरचे ग्राइंडर बरेच दिसतात. त्यातल्या बहुतेकांचा दांडा हलतो आणि जाड दळणात ते कामी येत नाहीत. सुरुवातीला विजेवर चालणारा घेण्याचं कारण नाही. १५ ग्रॅम हातानं दळायला मिनिटभरच लागतं.

ग्राइंडरसाठी आत्ता पैसे काढता येत नसतील, तर रोस्टरकडूनच दळून मागवा. ऑर्डर देताना ‘फ्रेंच प्रेस’, ‘मोका पॉट’, ‘साउथ इंडियन फिल्टर’ असे पर्याय येतात (ही भांडी सातव्या आणि नवव्या पायरीत येतील), आपलं भांडं निवडा आणि सगळ्यात लहान पाकीट घ्या. मिक्सरच वापरायचा तर बटण क्षणभर दाबून सोडत राहा, मध्ये भांडं हलवा, आणि शेवटी पिठाच्या चाळणीनं बारीक भुकटी काढून टाका. बराच फरक पडतो.

दळणाचं माप स्वयंपाकघरातल्या रव्यावरून ठरवा: फ्रेंच प्रेसला लापशी रव्याहून थोडं बारीक, पोअरओव्हरला (कागदातून गाळायची पद्धत) जाड रवा, मोका आणि दाक्षिणात्य फिल्टरला बारीक रवा. ग्राइंडरवर आकडे किंवा टिकटिक खाचा असतात, जमलेला आकडा वहीत लिहा.

## ५. चमचा नको, काटा हवा

हलक्या भाजणीचे दाणे जड आणि लहान असतात, गडद भाजणीचे फुगलेले आणि हलके. त्यामुळे ‘दोन चमचे’ म्हणजे दरवेळी वेगळं वजन. काट्यावर १५ ग्रॅम कॉफी आणि २४० ग्रॅम पाणी, म्हणजे एकास सोळा, इथून सुरू करा. पाणीही काट्यावरच मोजा. एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे मापाचं भांडं लागत नाही.

## ६. पाण्याकडे लक्ष द्या

कपात ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, तरी याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. पाण्यातले क्षार दोन्हीकडून त्रास देतात. बोअरवेलचं कठीण पाणी कॉफीचा आंबटपणा मारून टाकतं, चव मातकट होते. आरओचं अगदी क्षारहीन पाणी असेल तर कॉफी पोकळ आणि टोचरी लागते. कॉफीसाठी साधारण १५० टीडीएसच्या (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) आसपासचं पाणी चांगलं मानतात. ७५ ते २५० चालतं.

टीडीएस मोजायची पेनासारखी यंत्रं दोन-तीनशे रुपयांत मिळतात. आरओमधून २०-३० येत असेल तर मशिनवरचा टीडीएसचा स्क्रू तंत्रज्ञाकडून फिरवून टीडीएस थोडा वाढवून घ्या, किंवा नळाचं उकळून गाळलेलं थोडं पाणी त्यात मिसळा. मुंबईचं पाणी तलावांमधलं, मुळात मऊ. तिथे साधा कार्बन फिल्टर पुरतो. टँकर आणि बोअरवेलवर चालणाऱ्या सोसायट्यांत मात्र हे तपासल्याशिवाय महागडं पाकीट उघडू नका.

तापमानासाठी थर्मामीटर लागत नाही. पाणी उकळलं की गॅस बंद करा. मध्यम भाजणीला अर्धा मिनिट थांबा, गडद भाजणीला दीड-दोन मिनिटं, हलकीला थांबूच नका. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला त्याहूनही खाली, तेव्हा उंचावर राहणाऱ्यांनी थांबण्याचा वेळ आणखी कमी करावा.

## ७. पहिला कप: फ्रेंच प्रेस

पहिलं भांडं म्हणून मी फ्रेंच प्रेसच सांगतो. पाणी ओतण्याचं कसब लागत नाही, कागद लागत नाहीत, आणि दळणात थोडी चूक झाली तरी तो सांभाळून घेतो.

१. प्रेसमध्ये गरम पाणी फिरवून ओतून टाका, काच तापली पाहिजे.
२. १५ ग्रॅम कॉफी दळून घाला, प्रेस काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा.
३. घड्याळ सुरू करा आणि २४० ग्रॅम पाणी एकदम ओता. सगळी भुकटी भिजली पाहिजे.
४. झाकण न लावता ४ मिनिटं सोडा. वर जाड साय धरते.
५. चमच्यानं ती साय हलकेच मोडा. बराचसा गाळ खाली बसतो. वर राहिलेला फेस चमच्यानं काढून टाका.
६. आणखी ४-५ मिनिटं थांबा. ही पायरी सगळे वगळतात. याच वेळात गाळ तळाला बसतो आणि कॉफी पिण्याजोगी कोमट होते.
७. झाकण लावून जाळी फक्त पृष्ठभागापर्यंत आणा. तळापर्यंत दाबलंत की बसलेला गाळ पुन्हा उसळतो.
८. सावकाश ओता, शेवटचा घोटभर भांड्यातच सोडा.

कॉफी थोडी निवू द्या. उकळत्या कॉफीत जिभेला गोडवा कळत नाही. ती कोमट होताना चव उलगडत जाते.

गाळ सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. कुंडीच्या मातीत किंवा खताच्या डब्यात टाका. जाळीचे तिन्ही भाग सोडवून रोज घासा, कारण तिला चिकटलेलं कॉफीचं तेल खवट होतं आणि तो वास पुढच्या प्रत्येक कपात येतो.

## ८. चव बिघडली तर

आंबट, पाणचट, घोट संपताच नाहीशी होणारी चव: कॉफीतून पुरेसं उतरलेलं नाही. दळण थोडं बारीक करा, किंवा पाणी जास्त गरम घ्या.

कडू, तुरट, घशाला कोरड पाडणारी: जास्त उतरलं. दळण जाड करा, किंवा पाणी थोडं निववा.

चव बरोबर पण फार जड किंवा फार हलकी: इथे दळणाला हात लावू नका, फक्त प्रमाण बदला. जडला १५ ग्रॅमला २५५ पाणी, हलकीला २२५.

एका वेळी एकच गोष्ट बदला. दळण, पाणी, वेळ तिन्ही एकदम बदललंत तर कशानं सुधारलं ते कळत नाही. वहीत तारीख, पाकिटाचं नाव, ग्राइंडरचा आकडा, चव एका ओळीत लिहा. दुसरं पाकीट संपेपर्यंत तुम्हाला स्वतःची आवड लिहिलेली सापडेल.

सगळं करून पाहिलं आणि तरी नाही आवडली, तर ती कॉफी तुमची नव्हे. दुधात घालून संपवा, जायफळ किसा, आणि पुढच्या वेळी वेगळी प्रक्रिया किंवा वेगळी भाजणी घ्या.

## ९. मग दुसरं भांडं

फ्रेंच प्रेसशी महिना-दोन महिने हात बसल्यावर पुढचं बघा.

दाक्षिणात्य फिल्टर. दुधाची कॉफी पिणाऱ्यांना माझी पहिली शिफारस याचीच. स्टीलचा किंवा पितळेचा, बोहारणीकडचाही चालेल. वरच्या डब्यात २० ग्रॅम बारीक दळलेली कॉफी, तिच्यावर चकती अलगद ठेवून १२० ग्रॅम उकळतं पाणी. १५-२० मिनिटांत डिकॉक्शन खाली उतरतं. एक भाग डिकॉक्शन, दोन ते तीन भाग गरम दूध. चिकोरी नसलेली ताजी कॉफी यात वापरलीत तर डिकॉक्शन थोडं पातळ आणि भरभर उतरतं; दळण बारीक करून बघा.

मोका पॉट. इटलीत १९३३ पासून आहे. दाट, जोरकस कॉफी देतो. खालच्या भांड्यात सुरक्षा झडपेच्या खालपर्यंत गरम पाणी, जाळीत कॉफी सपाट, दाबायची अजिबात नाही. मंद आच. वर कॉफी येऊन फुरफुर आवाज सुरू झाला की लगेच उतरवा, तो आवाज चालू ठेवला की कॉफी जळकी होते. दोन अडचणी आधीच माहीत असू द्या: छोटा मोका आपल्या गॅसच्या शेगडीवर टेकत नाही, त्याखाली एक जाळी घ्यावी लागते, आणि ॲल्युमिनियमचा मोका इंडक्शनवर तापत नाही.

एरोप्रेस. २००५ सालचं अमेरिकन डिझाइन. प्लास्टिकचं, पिचकारीसारखं दाबायचं, न फुटणारं, प्रवासात आणि होस्टेलवर उत्तम. १४ ग्रॅम, २०० ग्रॅम पाणी, दीड मिनिट, मग अर्धा मिनिट सावकाश दाब. उलटा धरून बनवण्याची पद्धत व्हिडिओंत दिसते; उकळत्या पाण्यानं भाजण्याचा धोका आहे, नवख्यांनी करू नये.

पोअरओव्हर, म्हणजे ड्रिपर नावाच्या गाळणीत कागद लावून वरून पाणी ओतणं; व्ही६० वगैरे. कागदातून गाळलेली असल्यानं चव सगळ्यात स्वच्छ. हलक्या भाजणीचं, वॉश्ड कॉफीचं खरं रूप इथे दिसतं. १५ ग्रॅमला आधी ४५ ग्रॅम पाणी, ४० सेकंद थांबायचं, मग दोन-तीन वेळा मिळून २५० ग्रॅमपर्यंत. एकूण तीन मिनिटांच्या आसपास. कागद आधी गरम पाण्यानं धुवा. बारीक तोटीची केटल इथे खरंच लागते, आणि कागदाचा खर्च कायमचा मागे लागतो. ०१, ०२ असे वेगवेगळे आकार असतात; ड्रिपरचा आकार बघूनच कागद मागवा.

एस्प्रेसो मशिन. वर्षभर थांबा. दहा-बारा हजारांच्या मशिनमधून फेस छान येतो, चव येतेच असं नाही, आणि एस्प्रेसोला लागणारा ग्राइंडर मशिनइतकाच महाग पडू शकतो.

## १०. पावसाळा आणि साठवण

दाण्यांचे शत्रू म्हणजे हवा, ओल, ऊन आणि उष्णता. किनाऱ्यावर आणि कोकणात जून ते सप्टेंबर ओल सगळ्यात जास्त नुकसान करते. पाकिटाची झिप नीट बंद होत असेल तर त्यातली हवा दाबून काढा आणि पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात, बंद कपाटात ठेवा. काचेची बरणी ओट्यावर शोभून दिसते, पण उजेडात ठेवू नका.

फ्रिजमध्ये ठेवू नका. आत-बाहेर करताना दाण्यांवर दव धरतं आणि शेजारच्या लसणीचा वास लागतो. फ्रीझर मात्र चालतो, एका अटीवर: आठवड्याचा वाटा एकेका हवाबंद पुडीत बांधा, आणि बाहेर काढलेली पुडी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका.

## ११. किती प्यायची

१५ ग्रॅम अरेबिकात दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन असतं, म्हणजे घरच्या इन्स्टंट कॉफीच्या कपापेक्षा बरंच जास्त. निरोगी प्रौढांना दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत, गरोदर बायकांना २०० पर्यंत चालतं असं आरोग्यसंस्था सांगतात. दुपारी तीननंतर पिऊ नका. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-सहा तासांनंतरही अंगात असतं.

## १२. कॅफे, कपिंग आणि मळे

चव शिकायचा सगळ्यात झटपट मार्ग म्हणजे दोन कॉफी शेजारी शेजारी ठेवून चाखणं. यालाच कपिंग म्हणतात. घरी करायला दोन सारख्या वाट्या, प्रत्येकीत १० ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी आणि १८० ग्रॅम उकळतं पाणी. चार मिनिटांनी चमच्यानं साय मोडा, नाक अगदी जवळ नेऊन वास घ्या, फेस काढा, दहा-बारा मिनिटांनी चमचा चमचा सुर्रकन ओढून चाखा. आवाज झालाच पाहिजे. हवेबरोबर कॉफी सगळ्या तोंडात पसरते. एक वॉश्ड आणि एक नॅचरल घेऊन हे केलंत तर दुसऱ्या पायरीतला सगळा मजकूर जिभेनं समजेल. दोघं-तिघं मिळून पाकिटं वाटून घेतलीत तर खर्चही कमी.

मुंबई, पुणे, नागपूरच्या रोस्टरांच्या कॅफेंत कपिंग आणि कार्यशाळा होत असतात. कॅफेत गेलात तर कॅपुचिनोऐवजी एकदा पोअरओव्हर मागवा आणि कुठल्या मळ्याची कॉफी आहे ते विचारा. गर्दी नसेल तर बरिस्ता भाजणीपासून दळणापर्यंत सगळं मोकळेपणानं सांगतात. घरच्या ग्राइंडरचा आकडा कसा लावावा हेही विचारा, संकोच करू नका.

आणि जमेल तेव्हा मळे बघायला जा. चिकमगळूरसाठी रेल्वेनं कडूर किंवा बिरूरला उतरतात, पुढे रस्ता. कोल्हापूर-बेळगाव-हुबळीमार्गे गाडीनंही जाता येतं. अरेबिकाची तोडणी नोव्हेंबर ते जानेवारीत जोरात असते. तेव्हा गेलात तर लाल फळं, गर काढायची यंत्रं, वाळवणीची अंगणं सगळं चालू स्थितीत दिसतं. मार्च-एप्रिलच्या पहिल्या पावसानंतर मळे पांढऱ्या फुलांनी भरतात, पण तो बहर मोजक्या दिवसांचा असतो आणि त्याची तारीख कुणी आधी सांगू शकत नाही. सिल्व्हर ओक आणि फणसाच्या सावलीत वाढणारी, खोडांवर मिरीचे वेल चढलेली ती झाडी पाहिली की आपली कॉफी उघड्या शेतात होत नाही हे लक्षात येतं. चिकमगळुरात कॉफी बोर्डाचं संग्रहालयही आहे.

मळ्यावरच्या होमस्टेत राहणार असाल तर बुकिंग करतानाच दोन गोष्टी विचारा: प्रक्रिया करण्याची जागा बघू देतात का, आणि स्वतःच्या मळ्याची भाजलेली कॉफी विकतात का. बरेच मळेवाले कच्ची कॉफी व्यापाऱ्याला देतात आणि पाहुण्यांना बाहेरचीच पावडर पाजतात, म्हणून हे आधी फोनवर विचारलेलं बरं.